पाट्टु सारांचे शुक्रवार

मद्रासला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीनं मला सांगितलं, की शुक्रवारी शेवटच्या तासाला ‘पाट्टु सार’ येतात. मला तेव्हा तमिळ अजिबात येत नव्हतं. मी घरी येऊन आईला म्हटलं, शुक्रवारी शाळेत पाट न्यायचाय. आईलाही ते चमत्कारिक वाटलं नाही. नवीन गाव, नवीन रीत. तिनं देवापुढचा छोटा पाट पिशवीत घालून दिला, आणि मी तो मांडीवर घेऊन गाण्याच्या वर्गात जाऊन बसले. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. पाट्टु म्हणजे गाणं आणि सार म्हणजे सर, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सर आत आले. पांढरं धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, “हा पाट कशास आणिलास गे पोरी?”

दौंडहून निघाल्यापासून घराबाहेर कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं. रडतरडत मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. “सरि, सरि,” म्हणजे बरं, बरं, म्हणाले. “आणिलाच आहेस तर आतां कोणी तरी बसायला पाहिजे.” आणि खुर्ची बाजूला सारून, तो पाट जमिनीवर मांडून, ते त्यावर बसले. वर्ष संपेपर्यंत तो पाट शाळेतच राहिला. घरी देव पाटाशिवाय होते, पण आई म्हणाली, असू दे, गाण्याच्या मास्तरांकडे आहे ना.

सर तंजावरचे मराठी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकून आई थक्क व्हायची. “हा माणूस पोथी वाचल्यासारखा बोलतो,” म्हणायची. मधेच तमिळ शब्द यायचा, हेल तर सगळा तमिळच. पण ‘आम्हांस’, ‘कैसें’, ‘तेव्हां’ हे शब्द अगदी सहज. बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. एकदा बाजारात सर भेटले आणि म्हणाले, “काल रविवारीं कच्चेरीस गेलों होतों, चार तास बसलों.” बाबांना त्यांची फार दया आली. रविवारीसुद्धा शाळेच्या कचेरीत बसवून घेतात! घरी आल्यावर मी खुलासा केला, की इकडे कच्चेरी म्हणजे गाण्याची बैठक. बाबांची दया तिथंच संपली. “चार तास गाणं ऐकतो? मग हा माणूस काम कधी करतो?”

बाबांचं त्यांच्याविषयीचं मत पुढे बरेच दिवस तेवढंच राहिलं.

सरांच्या वर्गाची एक खोड अशी, की खिडकी कधी बंद व्हायची नाही. अभ्यासक्रमाचं पुस्तक होतं. त्यात प्रार्थना होत्या, स्वरांचे पलटे होते आणि परीक्षेला विचारायची रागांची नावं होती. सर ते शिकवायचे. पण शिकवता शिकवता बाहेरून फुलवालीची हाळी आली, की एक बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. मग खिशातून श्रुतीची, आधारसूर देणारी, पितळी शिट्टी काढून फुंकायचे आणि विचारायचे, “कुठें लागली ती? वर कीं खालीं?” फुलवालीची हाळी, भांड्यांना कल्हई लावणाऱ्याची आरोळी, देवळातली घंटा, सगळं त्यांच्या वर्गात यायचं. गृहपाठ म्हणून, तुमच्या गल्लीत सगळ्यांत सुरेल कोण ओरडतं ते सांगा, असं असायचं. आमच्या पेरांबूरच्या रेल्वे वसाहतीतून मी उत्तर नेलं होतं, ‘इंजिन’. सरांनी ते नाकारलं नाही. “कोणतें इंजिन? सकाळचें कीं दुपारचें?” एवढंच विचारलं.

त्यांचं एक म्हणणं होतं. “शाळा म्हणजे ओसरी. गाणें आंत घरांत आहे, बाहेर रस्त्यावर आहे. ओसरीवर बसून राहिलें तर दोहींकडचें हुकतें.” म्हणून ते मुलींना घेऊन बाहेर पडायचे. कधी मृदंग मढवणाऱ्याच्या अंगणात नेलं. तिथं आम्ही नाकाला रुमाल लावून बसलो आणि काळी शाई कशी थरावर थर चढवतात ते पाहिलं. कधी देवळाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं नागस्वर वाजवणारे म्हातारे गृहस्थ सरावाला बसायचे. त्यांच्यासमोर सर आम्हांला सांगत, “परीक्षेंत ज्याचें नांव लिहितां, तो राग हा. ओळख करून घ्या.” जणू एखादा पाहुणाच समोर बसलाय. शेवटचा तास असल्यानं वेळेवर परतलं तर कुणाला कळायचं नाही, आणि सर परवानगी वगैरे घेण्याच्या भानगडीत पडत नसत. ती त्यांची चूकच होती. पुढे आईनं ती त्यांच्या तोंडावर सांगितली.

माझं एक गुपित मात्र त्यांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. दौंडच्या शाळेत बाईंनी मला, ‘तू बेसूर आहेस, समूहगानात नुसते ओठ हलव,’ असं सांगितलं होतं. मी तीन वर्षं इमानानं ओठ हलवत होते. ते मी घरीही सांगितलं नव्हतं. एका शुक्रवारी सगळ्या गेल्यावर सर हळूच म्हणाले, “ओठ गातात. गळा काय करतो?” मी खाली मान घातली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते आम्हां चौदा जणींना जॉर्ज टाउनला घेऊन गेले.

जॉर्ज टाउन म्हणजे घाऊक मालाचा बाजार. सुपारीची पोती, कागदांचे गठ्ठे, हातगाड्या आणि हमालांचे आवाज. तसल्या एका बोळात दुकानांच्या डोक्यावर एक घर होतं. जिना अरुंद, पण वर गेल्यावर एकदम गारवा. तिथं सत्तरीच्या एक बाई वीणा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, केस पांढरेशुभ्र, एका कानानं ऐकू कमी. सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्यांनी आम्हांला पाय धुवायला लावले, ताक दिलं आणि मग प्रत्येकीला एकच काम सांगितलं. ‘सा’ लावायचा आणि श्वास पुरेल तोवर धरायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी ओठ उघडले आणि आवाज काढलाच नाही. अम्मांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मग अम्मांनी माझा तळहात ओढून वीणेच्या भोपळ्यासारख्या पोटावर ठेवला आणि तार छेडली. तो सूर माझ्या हातातून कोपरापर्यंत आला, तिथून छातीत. तो कानानं ऐकण्याआधी मला लागला होता. अम्मांनी पुन्हा तार छेडली आणि हनुवटीनं खूण केली. मी गायले. एकच सूर, पण माझाच. बाकीच्या मुली वळून पाहायला लागल्या. अम्मा एवढंच म्हणाल्या, “बस, आहे की.”

मी घरी धावत गेले. आईला आणि बाबांना सगळं सांगितलं. बोळ कुठला, जिना कसला, नाकातल्या चमक्या किती चमकतात, परतताना एकीची चप्पल कशी गेली, काही ठेवलं नाही. आई हसत होती. बाबांनी बोळाचं नाव परत एकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे चौकशी केली. त्यानं सांगितलं ते असं, की त्या बाईंच्या घराण्यातल्या बायका पूर्वी देवळात आणि तंजावरच्या दरबारात नाचायच्या, गायच्या. त्यांची लग्नं होत नसत. आता ती चाल कायद्यानं बंद झाली होती, अम्मा तर आयुष्यभर वीणाच शिकवत आल्या होत्या. पण लोकांच्या जिभेला कायदा लागू नसतो. त्या सहकाऱ्याची मुलगीही आमच्याच वर्गात होती. चार दिवसांत पाच वडिलांच्या सह्यांचं पत्र मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलं. असल्या घरात मुलींना नेणाऱ्या शिक्षकाला काढून टाकावं, अशी मागणी होती. पाचांत एक सही बाबांची होती.

त्या सहकाऱ्याच्या मुलीकडून पत्राची बातमी वर्गभर झाली. पुढच्या शुक्रवारी सर वर्गात आले, त्यांनी स्वतः खिडकी लावून घेतली आणि पुस्तक उघडलं. पान बेचाळीस. त्यांनी ओळीनं वाचून घेतलं, ओळीनं गाऊन घेतलं. बाहेर फुलवाली ओरडून गेली. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, हे सगळं मी केलंय. माझी जीभ आवरली असती तर हे झालं नसतं.

त्या दिवशी मी घरी आले ती जेवलेच नाही. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं, दौंडच्या ओठ हलवण्यापासून. आईनं माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, “त्या बाईंनी शिकवलं ते म्हण बघू.” मी ‘सा’ लावला. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, “उद्या सकाळी मला ते घर दाखव. ऐकीव गोष्टीवर मी कुणाला नावं ठेवत नाही.”

बाबा कामावर गेल्यावर आम्ही बसनं गेलो. आई नऊवारीत, हातात हळदीकुंकवाची कोयरी. अम्मांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला तमिळमध्ये विचारलं, “भांडायला आलीय का?” मी म्हटलं, “नाही, बघायला आलीय.” तोवर मला कामापुरतं तमिळ यायला लागलं होतं. “मग बसा,” म्हणाल्या.

आई मराठी आहे म्हटल्यावर अम्मांनी एकदम वीणा ओढून घेतली आणि गायला सुरुवात केली. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती दिंडी होती! आमच्याकडे कीर्तनात बुवा म्हणतात तशी, मराठी शब्दांची, पण वळणं सगळी इकडची. अम्मांच्या आजीनं ती तंजावरात कुणा कीर्तनकाराकडून उचलली होती. अर्थ आजीला ठाऊक असेल, अम्मांना नव्हता. गाता गाता त्या देवाला ‘कनकवाळू’ म्हणाल्या. आईनं न राहवून मला सांगितलं, “अगं, त्यांना सांग, कनवाळू. कनवाळू म्हणजे दयाळू.” मी सांगितलं. अम्मांनी वीणा थांबवली आणि पोट धरून हसल्या. “साठ वर्षं मी त्याला सोन्याचा म्हणतेय!” मग डोळे मिटून तीच ओळ नव्या शब्दानं म्हणाल्या, दोनदा, तीनदा. आई भिंतीला टेकून ऐकत होती. निघताना तिनं अम्मांना कुंकू लावण्यासाठी कोयरी उघडली. अम्मांनी कपाळ पुढे करण्याआधी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. असं घरी येऊन कुंकू लावणारं फारसं कुणी त्यांना भेटलं नसावं.

सोमवारी दुपारी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत सभा होती. पाच वडील ओळीनं बसले होते. सर भिंतीपाशी उभे होते. आईला कुणी बोलावलं नव्हतं, ती मला घेऊन आपणहून गेली आणि दारातच म्हणाली, “मला बोलायचंय.” मराठीतच म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाई कडक होत्या, पण कान उघडे ठेवणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, “यांचं भाषांतर कोण करील? मुलींनी या खोलीत बोलायचं नाही.” बाबांना इंग्रजीत सांगता आलं असतं. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. शेवटी सरच पुढे झाले. “मी करतो,” म्हणाले. ज्याच्यावर आरोप, तोच दुभाषी. एक गृहस्थ हरकत घ्यायला उठले, पण दुसरं कुणी नव्हतं.

आई म्हणाली, “माझी मुलगी तीन वर्षं गाण्याच्या तासाला नुसतं तोंड हलवत होती. ते मला, तिच्या आईला, कळलं नाही. यांना महिन्यात कळलं. त्या घरातून ती आली आणि माझ्या घरात गायली. मी स्वतः तिथं जाऊन आलेय. त्या बाईंचं ताक प्यालेय. त्यानं मी बाटले असेन, तर खुशाल बाटले म्हणा.”

सरांनी शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितला. आवाजात चढउतार नाही, स्वतःची भर नाही. बाबांनी मान आणखी खाली घातली.

मला वाटलं, संपलं. पण आई थांबली नाही. ती सरांकडे वळली. “आणि मास्तर, तुमचंही चुकलंय. कुणाच्या पोरी न विचारता गावभर नेता! परत येताना एकीची चप्पल गेली, दोघी चुकीच्या बसमध्ये चढत होत्या. तालाच्या मात्रा बोटांवर मोजता, मग पोरी का मोजत नाही?”

मग त्यांनी तेही सांगितलं. चप्पल सांगितली, बस सांगितली, मात्रा आणि पोरी सांगितल्या. आईनं बोट रोखलं होतं, म्हणून त्यांनीही स्वतःच्या छातीवर बोट रोखून सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई चकित झाल्या. “तुमच्याविरुद्धचंही सगळं सांगताय?”

“त्या जे बोलल्या ते सांगतो,” सर म्हणाले. “मधला सूर गाळायचा अधिकार मला नाही. शिवाय त्यांचं खरं आहे.”

मग मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना विचारलं, अम्मांच्या घराबद्दल काय म्हणायचंय. सर पहिल्यांदाच स्वतःचं बोलले. “डिसेंबरात सभागृहांत जी पदं गातात, ती ऐकायला हे सगळे गृहस्थ तिकीट काढून, जरीचं उपरणं घेऊन जातात. ती पदं याच घरांनी सांभाळली. गाणं सभागृहात चालतं, मग घर का चालत नाही? मला कळत नाही. माझी चूक म्हणाल तर मी विचारलं नाही, ही. दुसरी मला सापडत नाही.”

बाईंनी ते पत्र पुन्हा वाचलं, घडी घातली आणि सरांच्या हातात दिलं. “हे तुमच्याकडे ठेवा,” म्हणाल्या. “मुलींना बाहेर नेताना घरून लेखी परवानगी आणायची. शाळेची आया बरोबर असेल. निघताना आणि परतताना मुली मोजायच्या. ज्यांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये. गाण्याचा तास चालू राहील, आणि गाण्याचे शिक्षकही.”

मी व्हरांड्यात आले आणि खांबाला टेकून खाली बसले. सर बाहेर आले तेव्हा मी उठून म्हटलं, “सर, घरी मीच सांगितलं होतं.”

“मग कोणी सांगायचें?” ते म्हणाले. “ऐकिलेलें पोटांत ठेविलें तर अजीर्ण होतें. बरें केलेंस. जा, पाणी पी.”

शुक्रवारपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेला असं झालं. मी नळाखाली तोंड धरून पोटभर पाणी प्याले.

बाबांनी घरी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. पण गुरुवारी माझ्या वहीत परवानगीची चिठ्ठी होती. रेल्वेतला माणूस, इंग्रजीत लिहिलं होतं, सदर मुलीस जॉर्ज टाउनपर्यंत व परत प्रवासाची परवानगी आहे, मधल्या ठिकाणी उतरता येणार नाही. सरांनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, असें तिकीट हवें. चौदांपैकी नऊ जणींच्या चिठ्ठ्या आल्या. आम्ही नऊ जणी वर्षभर फिरलो. आमच्यातली कुणी मोठी गायिका झाली नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली. पण सभागृहात बसले की समोरचं गाणं कुठल्या अंगणातून, कुठल्या जिन्यावरून तिथवर आलंय, ते मला दिसतं.

वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनीच अम्मांना शाळेत बोलावलं. अम्मांची अट होती, व्यासपीठ नको, वर्गात बसेन. शाळेत यायला चिठ्ठी लागत नव्हती, त्यामुळे उरलेल्या पाच जणीही समोर बसल्या. अम्मांनी त्यांचाही ‘सा’ ऐकला, एकेकीचा, घाई न करता. मला न्यायला बाबा आले होते. कार्यक्रम संपल्यावर वीणा खाली घोड्याच्या जटक्यात ठेवायची होती. शिपाई ती दांडीला धरून उचलायला लागला तसे बाबा पुढे झाले. दाराशी बूट काढले, वीणा दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि अनवाणी जिना उतरून गेले. अम्मांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला.

मग बाबा, सर आणि मी बसथांब्यावर उभे राहिलो. ऊन कलतं होतं. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, “मास्तर, त्या पत्रावर माझीही सही होती.”

“ठाऊक आहे,” सर म्हणाले. “मोडींत केली होती. त्या पांचांत मोडी येणारे दुसरे कोण?”

बाबांनी रस्त्यावरची नजर काढून सरांकडे पाहिलं.

“माझे आजोबा मोडी लिहीत. ते गेल्यावर मीं मोडी अक्षर पाहिलें नव्हतें,” सर म्हणाले. “बाईंनीं पत्र दाखविलें तेव्हां आधीं मजकूर वाचला नाहीं. आधीं तुमची सहीच पाहिली. फार सुरेख वळण आहे. कोणी शिकविलें?”

“वडिलांनी,” बाबा म्हणाले. “दिवाळीच्या सुटीत. रोज एक पान.”

“रोज एक पान! आणि बोरू कैसा धरायचे ते?”

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि बोटांत तिरपं धरून दाखवलं. सरांनी ते घेऊन स्वतःच्या बोटांत धरून पाहिलं. पेरांबूरची बस आली, थांबली आणि गेली. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. दुसरी आली, तीही गेली. बाबा आता हातावर अक्षरं काढून दाखवत होते आणि हसत होते. मद्रासला आल्यापासून बाबांना घराबाहेर कुणाशी इतकं मराठी बोलताना मी पाहिलं नव्हतं. मी कठड्यावर बसले, पाय हलवत राहिले, आणि तिसरी बसही जाऊ दिली.